मधुमेहींच्या पायांची संवेदना तपासताना मोबाइल कुठे वापरायचा आणि कुठे नाही

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका आरोग्य कार्यकर्त्याने विचारलं आहे : गावगटात मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेले साधारण १५० लोक आहेत, मदतीला २ आशाताई, एक अँड्रॉइड फोन आणि १०,००० रुपये. फोनच्या व्हायब्रेशनवर पायाच्या नसा तपासणारं अॅप वापरलं तर चालेल का? की याहून स्वस्त आणि खात्रीचं काही आहे?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. पायाची संवेदना मोजायला फोन वापरू नका. त्यासाठी १० ग्रॅमचं मोनोफिलामेंट (त्वचेवर टेकवायचा नायलॉनचा तंतू) आणि १२८ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२८ वेळा कंप पावणारा, ट्यूनिंग फोर्क (धातूचा दुबेळका) घ्या. फोन वापरायचा तो नोंदीसाठी, फोटोसाठी, पुढच्या तारखेची आठवण ठेवण्यासाठी आणि पेशंटला स्वतःचा तळवा दिसावा म्हणून. या कामांत फोनसारखं दुसरं साधन नाही.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत, ते वेगळे केले की पुढचं सोपं होतं. पहिला, नसांना इजा सुरू झाली आहे का? दुसरा, काटा घुसला, चप्पल चावली, चटका बसला तरी कळणार नाही इतका पाय बधिर झाला आहे का? सुरुवातीला सहसा बारीक नसा बिघडतात, तेव्हा आग होते, टोचतं, पायाचा घाम कमी होतो. मोनोफिलामेंटला तो टप्पा पकडता येत नाही, ते बरंच पुढचं नुकसान दाखवतं. तरीही गावपातळीवर मी दुसऱ्याच प्रश्नाच्या मागे लागेन. पहिल्याचं उत्तर 'हो' आलं तर करायचं काय, तर साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवायचा, तंबाखू सोडायची. ते तुम्हाला १५० जणांना सांगायचंच आहे. दुसऱ्याचं उत्तर 'हो' आलं तर त्या एका माणसासाठी पादत्राण, घरातली सवय आणि पुढच्या तपासणीची तारीख अशी तिन्ही कामं लगेच बदलतात. पाय वाचतो तो तिथे.

फक्त तक्रार विचारून हे लोक सापडत नाहीत. मधुमेहाने नसा बिघडलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना काहीच जाणवत नाही. ज्यांचे पाय रात्री भगभगतात, मुंग्या येतात, ते स्वतःहून दवाखान्यात येतात. "मला पायाचा काही त्रास नाही" म्हणणाऱ्याचेच मोजे उतरवून बघावे लागतात.

आता व्हायब्रेशनचं. कल्पना चुकीची नाही. कंपन कळणं कमी होणं ही मोठ्या नसा बिघडल्याची खूण आहेच, आणि मोठ्या दवाखान्यातलं बायोथेसिओमीटर हेच मोजतं. त्यात ०ते ५० व्होल्टपर्यंत कंपन वाढवत नेतात आणि २५ व्होल्टच्या वर गेल्यावरच कळलं तर त्या पायाला जखमेचा धोका जास्त धरतात. पण त्या यंत्राचं टोक, वजन आणि कंपन ठरलेलं असतं. फोनचं तसं नाही. एका मॉडेलमध्ये मोटर १५०हर्ट्झच्या आसपास, दुसऱ्यात २००च्या वर. स्वस्त फोनमधल्या फिरत्या मोटरची तर कंपनसंख्या आणि जोर दोन्ही एकत्रच बदलतात. जोर १ ते २५५ असा ठरवण्याची सोय अँड्रॉइड ८ पासून आहे, पण ती प्रत्येक फोनच्या मोटरला मिळतेच असं नाही. जिथे नाही तिथे अॅप '६०' पाठवतं आणि मोटर पूर्ण जोरात फिरते. रबरी कव्हर असलं की वेगळं, फोन कोपऱ्याने टेकवला की वेगळं, तपासणारीने घट्ट धरला की आणखी वेगळं. काही फोनमध्ये बॅटरी वाचवण्याचा पर्याय चालू असला की व्हायब्रेशनच कमी किंवा बंद होतं.

सगळ्यात फसवणारी गोष्ट म्हणजे आवाज. शांत खोलीत फोनची घरघर ऐकू येते आणि माणूस पायाला न कळताच "हो" म्हणतो. त्याउलट साठीच्या पुढे मधुमेह नसतानाही कंपन कळणं कमी होतं, म्हणजे वयस्कर माणसं विनाकारण नापास होतात. एका बाजूने खरे बधिर पाय सुटतात, दुसऱ्या बाजूने चांगले पाय तालुक्याच्या दवाखान्यात हेलपाटे घालतात.

दुसऱ्या फोनच्या सेन्सरवर हे कंपन मोजून प्रमाण बसवता येईल का, हा पुढचा स्वाभाविक प्रश्न. अँड्रॉइड १२ पासून अॅपने खास परवानगी घेतलेली नसेल तर सेन्सरची नोंद सेकंदाला २०० वेळांपर्यंतच मिळते. तेवढ्यात फार तर १०० हर्ट्झपर्यंतचं कंपन नीट पकडता येतं, १५० किंवा २०० नाही. मायक्रोफोनने कंपनसंख्या कळते, जोर कळत नाही. तरीही प्रयोग करायचाच असेल तर फोनचं एकच मॉडेल, कव्हर काढलेलं, नेहमी तोच कोपरा अंगठ्याच्या हाडावर, पेशंटच्या कानाशी दुसरा कसला तरी एकसारखा आवाज, आणि आधी गावातल्या मधुमेह नसलेल्या वेगवेगळ्या वयाच्या ३०-४० जणांवर तपासून तुमच्या फोनची स्वतःची रेषा ठरवा. आणि हा निकाल मोनोफिलामेंटच्या शेजारी ठेवायचा, त्याच्या जागी नाही.

मोनोफिलामेंट म्हणजे मुठीला लावलेला नायलॉनचा एक जाड तंतू. त्वचेवर काटकोनात टेकवून दाबला की १० ग्रॅम जोराला तो वाकतो, त्यापुढे कितीही दाबलं तरी पायावरचा जोर फारसा वाढत नाही. त्यामुळेच तो कुणाच्याही हातात साधारण सारखा चालतो. पाकिटावर १० ग्रॅम किंवा ५.०७ लिहिलेलं बघून घ्या. किंमत काही शे रुपये.

तपासायची रीत अशी. माणसाला पाय समोर लांब करून बसवा किंवा झोपवा, पाय धुऊन पुसलेले असू देत. फिलामेंट आधी दोनदा वाकवून घ्या, कारण पहिल्या दाबाला ते जरा कडक असतं. मग ते मनगटाच्या आतल्या बाजूला लावून दाखवा, "मावशी, हे असं लागेल." आता डोळे मिटायला सांगा. जागा तीन : अंगठ्याचा तळ, अंगठ्यामागची उंचवटी आणि करंगळीमागची उंचवटी. घट्टा, कुरूप, व्रण किंवा जखम असेल तर त्याच्यावर नाही, कडेला. टेकवणं, बाक येईपर्यंत दाबणं आणि उचलणं मिळून २ सेकंद. घासायचं नाही, टोचायचं नाही. विचारायचं, "लागलं का? कुठल्या पायाला?" प्रत्येक जागी तीनदा विचारायचं, त्यातलं एकदा काहीही न लावता. तीनपैकी दोन उत्तरं बरोबर आली तर त्या जागेची संवेदना शाबूत, दोन चुकली तर गेलेली. दोन्ही पायांच्या मिळून सहा जागांपैकी एक जरी गेली तरी तो पाय धोक्याचा धरा.

न लावता विचारायचं ते नवशिकी तपासनीस बहुधा गाळते, किंवा तेव्हा तिचा आवाज बदलतो. पेशंटला ते लगेच कळतं. आपल्याकडच्या वयस्कर बायका ताईला वाईट वाटू नये म्हणूनही "हो, लागलं" म्हणतात. म्हणून सुरुवातीलाच सांगा की "नाही" म्हटलं तरी ते बरोबर उत्तर असू शकतं. आजी घरी कन्नड बोलत असतील तर हे सगळं कन्नडमधूनच सांगा. अर्धवट कळलेली सूचना आणि बधिर पाय कागदावर एकसारखेच दिसतात.

तुमच्या भागासाठी मुद्दाम सांगायची गोष्ट म्हणजे पाऊस. नायलॉन हवेतला ओलावा शोषतं आणि मऊ पडतं. जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसाळ्यात पिशवीत उघडं पडलेलं फिलामेंट १० ग्रॅमच्या आधीच वाकायला लागतं. मग पायावर जोर कमी पडतो आणि चांगल्या पायाचा माणूसही "नाही लागलं" म्हणतो. पावसाळ्यात बधिर पायांची संख्या एकदम वाढली तर आधी फिलामेंटवर संशय घ्या. ते हवाबंद डबीत, औषधाच्या बाटलीत येते तशा सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा. गाडीच्या डिकीत, उन्हात नाही.

फिलामेंट तपासायला सोनाराचा छोटा डिजिटल काटा पुरतो, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. पारड्यात घडी घातलेला कागद ठेवा म्हणजे टोक घसरणार नाही. काटा शून्यावर आणा, फिलामेंट उभं टेकवा, बाक येईपर्यंत दाबा आणि सगळ्यात मोठा आकडा वाचा. असं पाचदा. ९ ते ११ ग्रॅमच्या आत असेल तर वापरा, नसेल तर टाकून द्या. वाकडं राहिलेलं फिलामेंट सरळ करायच्या फंदात पडू नका. एका फिलामेंटवर लागोपाठ १० माणसं झाली की त्याला २४ तास विश्रांती हवी, नाहीतर ते थकतं. म्हणून चार घ्या आणि त्यांवर नंबर घाला. प्रत्येक पेशंटनंतर स्पिरिटच्या बोळ्याने टोक पुसायचं, भिजवायचं नाही. मासे धरायच्या तंगुसाचं फिलामेंट घरी करू नका. वाकण्याचा जोर जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो, त्यामुळे जाडीत केसभर फरक पडला तरी निकाल चुकतो.

ट्यूनिंग फोर्क १२८ हर्ट्झचाच, टोकांना वजनं असलेला. दुकानदार पुष्कळदा कानाच्या तपासणीचा ५१२चा हातात देतो, आकडा वाचून घ्या. तळहाताच्या गादीवर आपटून बुडखा अंगठ्याच्या नखामागच्या हाडावर काटकोनात टेकवायचा. इथेही तीनपैकी एकदा न वाजवता.

काहीच हाताशी नसेल तेव्हाची तपासणी इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी रूढ केली. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी अशा सहा टोकांना आपल्या तर्जनीने १ ते २ सेकंद हलकेच स्पर्श करायचा. दाबायचं नाही, टिचकी नाही, एका जागी दुसऱ्यांदा नाही. दोन किंवा जास्त टोकांना कळलं नाही तर नापास. ही तपासणी सून सासऱ्यांची घरात करू शकते. शिबिरांच्या मधल्या काळात मी यावर भर देईन. दोन मिनिटांचा व्हिडिओ मराठीत आणि कन्नडमध्ये करून घराघरात दिलात तर फोनचा तो उत्तम उपयोग होईल.

फोनचं दुसरं काम नोंदीचं. कोबोकलेक्ट किंवा ओडीके कलेक्ट ही अॅप मोफत आहेत, रेंज नसताना चालतात आणि एकच फॉर्म मराठी आणि कन्नड दोन्हींत दाखवतात. फॉर्ममध्ये 'नॉर्मल' असा एकच पर्याय ठेवू नका. डाव्या-उजव्या पायाच्या प्रत्येक जागेचं हो-नाही वेगळं लिहा. कोणत्या नंबरचं फिलामेंट वापरलं तेही. कुठल्या वेळी खोटी (फिलामेंट न लावता) विचारणा करायची तो क्रम फॉर्मनेच दर वेळी बदलून दाखवला तर आणखी चांगलं, माणसाच्या मनात तो ठरून जातो. पुढच्या तपासणीची तारीख भरल्याशिवाय फॉर्म बंदच होऊ नये अशी अट घाला.

फोटो दिवसाच्या उजेडात पण सावलीत, फ्लॅशशिवाय, हातभर अंतरावरून, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. तळवा, टाच आणि बोटांच्या बेचक्या वेगवेगळ्या. भात लावणीच्या दिवसांत चिखल्या बेचक्यांतच असतात आणि जंतू तिथूनच आत शिरतात. चेहरा फोटोत नको. आणि हे फोटो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत, ज्या डॉक्टरांचं मत हवं त्यांनाच, पेशंटला विचारून.

पेशंटच्या घरच्या फोनचंही काम आहे. गुडघे आखडलेल्या माणसाला स्वतःचा तळवा दिसत नाही. फोन जमिनीवर उताणा ठेवा, पुढचा कॅमेरा चालू करा, खुर्चीत बसून पाय त्याच्यावर वीतभर धरा. भेग, फोड, रुतलेला खडा सगळं दिसतं. रोज रात्री, हातपाय धुतल्यावर.

कपाळाचं तापमान घ्यायच्या ज्या बंदुका कोरोनाच्या काळात पंचायतीत, शाळेत आल्या, त्यांतली एखादी मागून घ्या. संवेदना गेलेल्या पायात जखम व्हायच्या आधी ती जागा आतून सुजते आणि गरम होते. दोन्ही पायांच्या त्याच जागेत २.२ अंश सेल्सिअस किंवा जास्त फरक लागोपाठ दोन दिवस दिसला तर चालणं कमी करून डॉक्टरांना दाखवायचं. पण बंदूक 'बॉडी'वर ठेवून पाय मोजलात तर ती 'लो' दाखवेल किंवा आकडा स्वतःच वाढवून सांगेल. 'सरफेस'वर ठेवा. उन्हातून आलेल्या माणसाला पाय फरशीला न टेकवता १० मिनिटं बसू द्या. खरा आकडा अंशभर चुकला तरी चालतं, आपण फरक बघतो आहोत. सगळ्या १५० जणांना याची गरज नाही, ज्यांची संवेदना गेली आहे त्यांनाच.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. मधुमेहाचा बधिरपणा दोन्ही पायांच्या बोटांपासून सारखाच वर चढतो. तो एकाच पायात किंवा ठिगळासारखा असेल, वर फिकट चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी आधी. आशाताई तिशीपुढच्यांचा जो सीबॅक फॉर्म (आजारांच्या धोक्याची प्रश्नयादी) भरतात त्यात तळव्याच्या मुंग्यांचा आणि वारंवार होणाऱ्या व्रणाचा प्रश्न त्यासाठीच आहे. बरीच वर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत, विशेषतः शाकाहारी असतील तर, बी १२ कमी पडून असाच बधिरपणा येतो, आणि त्यावर इलाज आहे. दारू आणि थायरॉइड हेही विचारा. आणि संवेदना ठीक असली तरी पायाच्या वरच्या बाजूची आणि आतल्या घोट्यामागची नाडी लागते का ते बघायलाच हवं. रक्तपुरवठा कमी असलेला पाय मोनोफिलामेंटला पास होऊ शकतो. निपाणी भागात, जिथे तंबाखू शेतात आणि खिशात दोन्हीकडे असतो, तिथे हे विसरून चालणार नाही.

तपासणी झाली की पुढे काय, हे आधी ठरवलेलं नसेल तर शिबिर घेऊच नका. आंतरराष्ट्रीय शिफारशी अशा : संवेदना आणि नाडी दोन्ही ठीक, तर वर्षातून एकदा. दोन्हींपैकी एक गेलेली, तर ६ ते १२ महिन्यांनी. दोन्ही गेल्या, किंवा एक गेली आणि पायाचा आकार बिघडला, तर ३ ते ६ महिन्यांनी. संवेदना किंवा नाडी गेलेली आहे आणि पूर्वी जखम झालेली, बोट काढलेलं किंवा मूत्रपिंड निकामी झालेलं आहे, तर १ ते ३ महिन्यांनी. उघडी जखम, काळेपणा, दुर्गंधी, ताप यांपैकी काहीही असेल तर तारीख द्यायची नाही, त्याच दिवशी तालुक्याला किंवा बेळगावला. एक पाय लाल, गरम, सुजलेला पण फारसा दुखत नसेल तर त्याला मुरगळा समजून चोळू नका. आतली हाडं खचत असू शकतात आणि सुरुवातीचा एक्स-रे साफ येऊ शकतो. पाय अजिबात टेकवू न देता पाठवा.

संवेदना गेलेल्यांना अनवाणी चालणं बंद, घरातसुद्धा. गरम पाण्यात पाय बुडवणं, तापलेल्या विटेचा शेक, दोन्ही बंद. सौंदत्तीच्या डोंगरावर किंवा चिंचलीच्या जत्रेत तापलेल्या फरशीवर फोड येतात आणि घरी परतल्यावर मोज्याला लागलेल्या पाण्यावरून कळतात. दर्शन पहाटे घ्या, जाड सुती मोजे घाला. पादत्राणाबद्दल स्पष्ट सांगतो : अथणी-निपाणीच्या कारागिरांची कोल्हापुरी चप्पल कितीही चांगली असली तरी या पायांसाठी नाही. तळ कडक, अंगठ्याला पट्टा, मागे काही नाही. ती पायातून निसटते तेही या लोकांना कळत नाही. मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या, स्पंजासारख्या) रबराचा तळ, मागून पट्टा, वेल्क्रो, आणि कुठेही खिळा नाही, अशी चप्पल हवी. नमुना नेऊन दिला तर गावचा चांभारही शिवून आणि चिकटवून करून देऊ शकतो.

पैशांचं माझं गणित असं : चार फिलामेंट, एक फोर्क, एक काटा आणि दोन्ही भाषांत छापलेली कार्डं निम्म्या रकमेत बसवा. कार्ड कागदाचंच हवं, कारण तुमच्याकडचा पेशंट आज बेळगावला तर उद्या गडहिंग्लजला किंवा मिरजेला दाखवतो आणि तिथल्या डॉक्टरांना तुमचं अॅप दिसत नाही. उरलेली निम्मी रक्कम बधिर पाय सापडलेल्यांच्या चपलांसाठी आणि बसभाड्यासाठी राखून ठेवा.

एका माणसाला ५ मिनिटं धरली तर दोघी मिळून दिवसाला २० जण आरामात होतात, म्हणजे ८ दिवस. पहिला दिवस मात्र मोजणीत धरू नका. त्या दिवशी तेच १० जण दोघींनी वेगवेगळ्या खोल्यांत, एकमेकींचा निकाल न बघता तपासायचे. एकापेक्षा जास्त माणसांच्या निकालात फरक पडला तर त्या जागांवर दोघींनी समोरासमोर पुन्हा फिलामेंट लावून बघायचं, फरक दाबण्यात आहे की विचारण्यात ते शोधायचं, आणि मगच पुढच्या वाडीची तारीख ठरवायची.